चार सुताचा पाना

गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळेची सहल घेऊन हैदराबादला गेलो होतो. आपला जिल्हा एके काळी त्याच संस्थानात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला उस्मानाबाद म्हणत. म्हणून चौमहल्ला महाल पाहायचा हे आधीच ठरलं होतं. मुली दरबार हॉलच्या झुंबरांखाली रेंगाळल्या, मुलं मोटारींपाशी अडकली.

निजामांची पिवळी रोल्स-रॉइस तिथे आहेच, पण पोरांचा जीव जडला तो 1947 च्या अमेरिकन ब्यूकवर. लांबलचक बॉनेट, दुमडून ठेवता येणारं छप्पर, तोंडाशी क्रोमची जाळी आणि आत एका रांगेत आठ सिलिंडरचं इंजिन. नववीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, इतकी जुनी गाडी अशी चकचकीत कुणी केली असेल?" नवाबांबद्दल आम्ही तासभर बोललो होतो. मिस्त्रीबद्दल सांगायला आमच्याकडे काही नव्हतं.

परतताना तोच मुलगा बसमध्ये शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी मी शाळेत नाही येणार. अब्बांनी गॅरेजवर उस्तादांशी बोलून ठेवलंय."

आम्ही रागावलो नाही. घरची ओढाताण आम्हाला माहीत होती. एवढंच विचारलं, "त्या ब्यूकचे नटबोल्ट इंचातले. अर्ध्या इंचाला पाना कोणता?"

"चार सुताचा," तो लगेच म्हणाला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर्गात अपूर्णांकाला अडखळणारा हाच मुलगा!

मग आम्ही त्याला सांगितलं, की त्या गाडीची वीज सहा व्होल्टची. आजची बारा व्होल्टची बॅटरी तशीच जोडली तर बल्ब जळतील. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते लेथवर करून घ्यावे लागतात. त्यासाठी नकाशा वाचता यायला हवा आणि गाडीचं पुस्तक असतं इंग्रजीत. ब्यूकवाल्या जनरल मोटर्सनं 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या. तिथले कामगार आपल्याकडचेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. अब्बा म्हणाले, "सर, हातात हुनर आलं की पोरगं उपाशी राहत नाही." बरोबरच आहे. आम्ही म्हटलं, "हुनर शिकू द्याच, पण दहावी होऊ द्या. दहावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. दहावीशिवाय तिथे प्रवेश नाही." अम्मींनी चहा ठेवला आणि आतूनच म्हणाल्या, "एकच तर साल राहिलंय."

अखेर ठरलं, दहावीपर्यंत शाळा आणि सुट्टीच्या दिवशी उस्तादांकडे बसून काम पाहायचं.

तुमच्या घरीही पाना घेऊन सायकल खोलणारा मुलगा असेल. त्याचं हुनर मारू नका आणि त्याची दहावीही सोडवू नका.