आधी रक्त तपासा, मग कॅल्शियमचं बघू

सपाट तळवे आणि वाकड्या पायांवरच्या माझ्या आधीच्या लेखांत पालकांना धीर दिला होता. त्यातला शब्दही मागे घेत नाही. दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर वाकलेले, तीन-चारला गुडघे एकमेकांना लागणारे आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे सरळ; त्यासाठी खास बूट लागत नाहीत. पण या आठवड्यात कळमेश्वरात एका आजीने त्याच लेखांचा दाखला दिला. “तुम्हीच तं लिहिलं ना जी, पोट्टं वाढून रायलं तं पाय दुखतेच.” आणि नातू एक पाय जपून टाकत होता!

मी असं लिहिलं नव्हतं. वाढीचं दुखणं संध्याकाळी नाहीतर रात्री येतं, दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांत. चोळून दिलं की मूल झोपतं, सकाळी हुंदडतं. सूज नाही, ताप नाही, लंगडणं नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं दुखणं मात्र वेळकाळ पाळत नाही. थंडी वाजली, ताप आला, पाणी कमी पडलं की ते उठतं. हात, पाय, पाठ, कुठेही. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे तळहात-तळपाय एकाएकी सुजतात, बोटं टम्म फुगतात, हात लावला तरी ते किंचाळतं. घरचे म्हणतात, काहीतरी चावलं. प्रत्यक्षात विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी हाडांतल्या बारीक रक्तवाहिन्या अडवत असतात. पुढे खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, तर तो खचतो. खुब्याचं दुखणं मूल अनेकदा गुडघ्यावर बोट ठेवून सांगतं. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते 1958 साली. सिकलसेलविरुद्धची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झाली. तरीही पाय दुखणाऱ्या पोरासाठी घरात पहिली येते ती कॅल्शियमची बाटली. तिच्यावरचा माझा राग जुना आहे. हाडं मजबूत होतात की नाही ते राहू द्या, निदानाचे महिने मात्र ती नक्की खाते, असं माझं ठाम मत आहे. “आमच्यात नाही हा आजार” हेही ऐकतो. विदर्भात तो आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे आणि इतर मागासवर्गीयांतही आहे.

सिकलसेलच्या सोल्युबिलिटी चाचणीला थेंबभर रक्त पुरतं, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या. मूल वाहक की रुग्ण, ते त्यातून कळतं. रुग्ण असेल तर हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात. नुसता वाहक असेल तर दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधा. आणि तापासोबत सांधा सुजला, मूल पाय टेकवेना, तर चाचण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी नागपूर गाठा.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती: सिकलसेल असलेल्या मुलाला कामचुकार म्हणू नका, मैदानाच्या फेऱ्यांची शिक्षा देऊ नका. पाण्याची बाटली त्याच्या बाकावरच राहू द्या आणि लघवीला जाऊ का म्हणालं, तर तास संपायची वाट बघायला लावू नका.