पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते



आरोग्याच्या पानावर सॉफ्टबॉल कशाला, असं वाटून काही जणी पान उलटतील. उलटू नका. शिरड शहापूरच्या आपल्या वस्तीतल्या चार मुली यंदा कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात आहेत. त्यातली एक पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारी. तिची आई सोयाबीनच्या काढणीला गुत्त्यानं जाते आणि लेक ४३ फुटांवरून हात गरागरा फिरवून असा चेंडू सोडते की समोरच्या पोरीची बॅट हवेतच फिरते. हे बघायला गावातून कितीजण गेले? आम्ही धरून पाच.

आम्ही जीएनएम करून सतरा वर्षं वॉर्डात ड्युटी केली, मग नोकरी सोडून वस्त्यांमधलं काम धरलं. खेळातलं आम्हांला फार कळत नाही. पण माणूस कधी थकतं आणि कशानं थकतं, हे थोडंफार कळतं. म्हणून यंदाच्या हंगामातले सुरुवातीचे सामने बघून जे दिसलं ते इथं मांडतो. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या आहेत, त्याआधी हे बोललं गेलं पाहिजे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदानात एका वेळी नऊ जणी. चार बेस, दोन बेसमधलं अंतर ६० फूट. चेंडू मारायचा आणि पळत सुटायचं. चारही बेस ओलांडून घरी आलात की एक रन. एकूण सात इनिंग. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा, घेर १२ इंच. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा दोरीनं गुंडाळून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला आणि बंद हॉलमध्ये हा खेळ सुरू केला. म्हणजे जन्मानं तरी हा गरिबाच्या सामानाचा खेळ. पुढं १९९६ मध्ये मुलींचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकला गेला, मध्ये वगळला गेला, टोकियोत परत आला आणि आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा असणार आहे. आपल्याकडं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली अशा चार जिल्ह्यांची कॉलेजं येतात. त्यांच्या स्पर्धेत जी चमकेल तिला विद्यापीठाच्या संघात जागा, आणि तिथून अखिल भारतीय स्पर्धेची वाट. खेळाडूंच्या राखीव जागा, नोकरीतला कोटा हे सगळं त्या वाटेवर आहे. आपल्या पोरींसाठी ही करमणूक नाही.

आता सामने. स्पर्धेआधी आजूबाजूच्या कॉलेजांशी चार सराव सामने झाले. पहिल्यात चौथ्या इनिंगपर्यंत आपला संघ ५-३ नं पुढं होता. शेवटी ११-५ नं हरला. दुसऱ्यात चार इनिंगनंतर बरोबरी, ४-४. हरला ९-४. तिसरा जिंकला. चौथा पावसानं अर्धाच राहिला. पहिल्या दोन सामन्यांत पाचव्या इनिंगनंतर एकही रन नाही, आणि हातातले झेल सुटायला लागले. सर म्हणाले, पोरींचं लक्ष राहत नाही, मन लावून खेळत नाहीत. एक पालक म्हणाले, आपल्या पोरींत दमच नाही.

दम नाही म्हणजे काय, हे शोधणं आमच्या सवयीचं काम. दुसऱ्या सामन्यात आपली शॉर्टस्टॉप खेळणारी पोरगी एक लांब फटका मारून तिसऱ्या बेसपर्यंत पळाली आणि तिथंच बसली. पोटरीत गोळा. सर लांबून ओरडले, ‘नाटक बंद कर.’ आम्ही आत गेलो, पाय सरळ करून दिला, अंगठा वर ओढून धरला. पाणी पाजायला तिची बाटली उचलली तर ती गळ्यापर्यंत भरलेली. सकाळी साडेसहाच्या एसटीत बसताना भरली होती, दुपारचा दीड वाजला होता, ऑक्टोबरचं ऊन. आम्ही रागावलो. तर ती हळूच म्हणाली, “मावशी, पाणी पिलं की जावं लागतं. इथं कुठं जायचं?”

आम्ही बाकीच्या पोरींच्या बाटल्या बघितल्या. दोन अर्ध्या, बाकी भरलेल्या.

मैदानाला एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला हॉस्टेलच्या पोरांच्या खिडक्या. कॉलेजच्या इमारतीला रविवारी कुलूप. पाळी चालू असेल त्या पोरीचं तर विचारू नका. ती सकाळी घरून लावलेला पॅड संध्याकाळी घरी येऊनच काढते. तिसरा सामना आपण जिंकलो तो एका शाळेच्या मैदानावर झाला, तिथं मुलींचा संडास उघडा होता आणि सामना सकाळी नऊला सुरू झाला. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, समोरचा संघही कच्चा असेल. पण त्या दिवशी बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ जातं. ते परत आलं नाही की रक्त दाट होतं, छाती धडधडते, डोकं दुखतं, नजर आणि हात यांचा मेळ सुटतो. झेल सुटणारच. वर लघवी तुंबवून धरली की मूत्रमार्गाचा संसर्ग, मग जळजळ, ताप, आठवडाभर सराव बंद. हे वॉर्डात आम्ही पोतंभर पाहिलंय आणि बहुतेक वेळा पोरीलाच दोष दिलेला पाहिलाय.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. संघात नऊ पोरी उतरतात; या हिशेबानं त्यातल्या पाच कमी रक्तावर धावत असणार. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. शाळेत असताना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. पोरगी पदवीला गेली की ही गोळी बहुतेक सुटतेच, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गोळीनं शौचाला काळं होतं म्हणून कितीतरी पोरी ती फेकून देतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. आणि बीटानं रक्त वाढतं हे डोक्यातून काढा. बीट लाल असतं, एवढंच. आपल्या घरात काळीज शिजतं, सुकट असते, हरभरा, मटकी, शेवग्याचा पाला असतो. काळजाचा वाटा पोराच्या ताटात जातो, तो पोरीच्या ताटात गेला तर बीट विकत आणायची गरज नाही.

सध्या वर्षावास चालू आहे, विहारात ग्रंथवाचन चालू आहे, आणि पौर्णिमेला आयांबरोबर पोरीही उपोसथ धरतात. धरू द्या. पण उपोसथात दुपारनंतरचं जेवण वर्ज्य असतं, सकाळचं नाही. सामन्याच्या दिवशी उपाशीपोटी एसटीत बसवणं कुठल्याही शीलात नाही. सुजातेची खीर कुणी आणि कधी घेतली, ते आपल्या वाचक भगिनींना आम्ही काय सांगावं.

आता ज्याच्याबद्दल वस्तीत दबक्या आवाजात बोललं जातं ते. सिकलसेल. हा आजार रक्तातून येतो, आई-बापांकडून. विदर्भात आदिवासी आणि आपल्या समाजात तो जास्त दिसतो. आपण मराठवाड्यात आहोत म्हणून हात झटकता येत नाहीत. आपल्या सोयरिकी पुसद, उमरखेड, वाशीमकडं आहेत. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर पोरगी सिकलसेलग्रस्त, एकाकडून आला तर वाहक. ग्रस्त मुलीला सांधेदुखी, कावीळ, वारंवार ताप, रक्त फार कमी असा त्रास असतो; तिनं डॉक्टरला विचारल्याशिवाय दमछाकीचा खेळ खेळू नये. वाहक मुलगी ठणठणीत असते. ती खेळू शकते, जिंकूही शकते. फक्त तहानेत, उन्हात, न थांबता तिला पळवलं तर तिच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंची वाट अडवू शकतात. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं. साध्या गोळ्यात पोटरी दगडासारखी घट्ट होते. यात ती घट्ट होत नाही, पायातला जीवच जातो. अशी पोरगी ‘पाय चालेनात’ म्हणाली तर तिला नाटकी म्हणू नका. खेळ थांबवा, सावलीत न्या, दवाखाना गाठा.

अमेरिकेत राईस विद्यापीठाचा डेल लॉईड हा १९ वर्षांचा काळा फुटबॉलपटू २००६ साली सरावात कोसळला आणि गेला. तो वाहक होता, कुणाला माहीत नव्हतं. घरच्यांनी कोर्टात दाद मागितली आणि २०१० पासून तिथल्या मोठ्या कॉलेज संघांत खेळाडूची सिकलसेल तपासणी सुरू झाली. पण पुढचा भाग आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१२ साली तिथल्या रक्तरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच या सक्तीला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की, तपासणीचा कागद दाखवून काळ्या पोरांना संघातून वगळलं जाईल. त्यापेक्षा सगळ्यांनाच पाणी द्या, विश्रांती द्या, सराव हळूहळू वाढवा. लष्करात तेच करतात आणि त्यानं वाहक असो वा नसो, सगळेच वाचतात.

आमचंही मत तेच. त्या घटनेतून आणखी एक दिसतं: मुलगा सामन्यात गेला नाही, सरावात गेला. सॉफ्टबॉलच्या सामन्यात पळणं थोडं, मध्ये थांबणं पुष्कळ. धोका आहे तो सामना हरल्यावर शिक्षा म्हणून मैदानाचे दहा राऊंड पळवतात त्यात. आपल्या संघाला दोन्ही पराभवांनंतर पळवलं. तहानलेल्या पोरींना, दुपारी. सरांना आम्ही भेटलो. वाईट माणूस नाही, स्वतःच्या खिशातून चेंडू आणतो. पण राऊंड बंद करा म्हटल्यावर हसला. या बाबतीत आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

मग तपासणी करायचीच नाही का? करायची, पण पोरीनं आपल्यासाठी. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. आपल्या आरोग्य केंद्रात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. पहिली चाचणी साधी, थेंबभर रक्ताची. ती पॉझिटिव्ह आली तर लगेच रडारड नको. ग्रस्त की वाहक हे दुसऱ्या चाचणीतच कळतं. आणि ते कळेपर्यंत मनानं लोहाच्या गोळ्यांचा मारा करू नका, लोह हा सिकलसेलचा इलाज नाही.

विहारात आम्ही हे बोललो तेव्हा एक आई उठून म्हणाली, “ताई, तपासणीत काही निघालं तर पोरीचं लग्न कसं जमायचं?” सभा गप्प झाली, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. त्या बाईला आम्ही दोष देत नाही. पण वाहक मुलीचं लग्न वाहक नसलेल्या मुलाशी झालं तर त्यांच्या पोटी सिकलसेलग्रस्त मूल येत नाही. दोघं वाहक असले तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. मग तपासणी एकट्या मुलीची का? मुलाकडच्यांना कुणी कागद मागतं का? मुलाच्या रक्ताला काय सोन्याचा मुलामा आहे? त्या दिवशी शेवटी सात मायलेकींनी नाव दिलं, आणि एका मुलाच्या बापानंही दिलं. पोरींचे निकाल कॉलेजला कळवायचे नाहीत, हे आम्ही सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. कागद पोरीच्या हातात, ती सांगेल त्यालाच कळेल.

स्पर्धेआधी आपल्याला दोन आठवडे आहेत, मध्ये एक सामना वसमतला, एक हिंगोलीला. कॉलेजला लेखी पत्र दिलं आहे: सामन्याच्या दिवशी इमारतीचा मुलींचा संडास उघडा ठेवा, दर दोन इनिंगनंतर पाणी द्या, सामना दुपारी बाराच्या आत संपेल असा ठेवा, शिक्षेचे राऊंड बंद करा. पत्रावर वस्तीतल्या बत्तीस बायांच्या सह्या आणि अंगठे आहेत. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

घरचं काम घरी. सामन्याच्या दिवशी पोरीला पहाटे भाकरी आणि पिठलं किंवा अंडं खाऊ घाला, डब्यात शेंगदाणे-गूळ द्या. दीड लिटर पाण्यात लिंबू, चिमूटभर मीठ, थोडी साखर. पाळीत असेल तर दोन पॅड जादा आणि कागदाची पिशवी. सोयाबीनच्या काढणीची मजुरी बुडते म्हणून काहींनी पोरींना सरावाहून परत बोलावलं, ते आम्हांला समजतं. पण निदान सामन्याच्या आदल्या दिवशी तिला वावरात नेऊ नका. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा तुम्हीही या.

वसमतच्या मैदानावर संडास नाही, हे आम्ही जाऊन बघून आलो. म्हणून परवाच्या शनिवारी आम्ही चार बांबू, दोन जुन्या सतरंज्या, एक बादली आणि फावडं घेऊन पहाटेच्या गाडीनं निघणार आहोत. मैदानाच्या कोपऱ्यात लिंबाच्या झाडामागं आडोसा उभा राहील. सतरंज्या मिळाल्या, बादली आहे. बांबू दोनच आहेत. ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी वाचनाच्या आधी विहारात आणून ठेवावेत. सहा फुटांपेक्षा लांब नकोत, कंडक्टर चढू देत नाही.