विमान म्हातारं होतं, हे कारण नव्हे

जानेवारी 2024 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित पाणबुडीने बंगालच्या उपसागराच्या तळाशी, सुमारे 3,400 मीटर खोलीवर, एका विमानाचे तुकडे टिपले. 22 जुलै 2016 च्या सकाळी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 होतं ते. आत 29 माणसं होती. त्यांच्या घरच्यांनी जवळपास साडेसात वर्षं वाट पाहिली. ही वाट कसली, हे शब्दांत सांगता येणार नाही. माणूस गेला हे मनाला कळतं, पण कबर नाही, ठिकाण नाही, कारणही नाही.

बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीच्या बहुतेक ग्रुपमध्ये एकच प्रतिक्रिया होती. सोव्हिएत काळातला डबा, पडणारच! पाठोपाठ दुसरी, जरा हळू आवाजातली: तकदीर. या दोन्ही उत्तरांशी माझं भांडण आहे, कारण दोन्ही दिली की पुढे कुणाला काही विचारायचं उरत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलो आणि बऱ्याच जणांसारखा सॉफ्टवेअरमध्ये शिरलो. आमच्याकडे एखादी प्रणाली रात्री कोसळली की सकाळच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सिस्टीम जुनी आहे.’ सगळे माना डोलावतात आणि मीटिंग संपते. वास्तविक कालपर्यंतही ती जुनीच होती आणि चालत होती. मग काल रात्री नेमकं काय झालं? हा प्रश्न विचारणारा माणूस कुठल्याच ऑफिसात फारसा लाडका नसतो.

विमानाचं वय तीन प्रकारे मोजतात: किती तास उडालं, किती वेळा उडून उतरलं आणि किती वर्षं हवा-पाणी-मीठ सोसलं. वय वाढलं की धातू थकतो, बारीक तडे जातात, सांध्यांत गंज धरतो. यात गूढ काही नाही. कुठे तडा जाईल, किती तासांनी जाईल, कसा शोधायचा, हे बहुतांश माहीत असतं. म्हणूनच जुनं विमान म्हणजे जास्त तपासणी मागणारं विमान. ते पडलं तर पहिला प्रश्न तपासणीचा, वयाचा नव्हे.

हे पुराव्यानिशी सांगायचं तर मला अमेरिकेत जावं लागतं. तिथलं सैन्य फार नेक आहे म्हणून नव्हे, तर तिथल्या काही अपघातांचे चौकशी अहवाल लोकांसाठी खुले आहेत म्हणून. आपल्याकडचे नाहीत. त्यावर शेवटी बोलू.

10 जुलै 2017. अमेरिकी मरीन कोअरचं केसी-130टी हे चार टर्बोप्रॉप इंजिनांचं मालवाहू विमान नॉर्थ कॅरोलायनाहून कॅलिफोर्नियाला निघालं होतं. मिसिसिपी राज्यावर, सुमारे 20,000 फुटांवर असताना डावीकडच्या आतल्या प्रोपेलरचं एक पातं मुळातून सुटलं. हे प्रोपेलर मिनिटाला हजाराहून थोडे जास्त फेरे घेतात. सुटलेलं पातं डाव्या बाजूने विमानाचा पत्रा फाडून आत घुसलं आणि उजव्या भिंतीत अडकलं. त्या धक्क्याने उजवीकडचा आतला प्रोपेलरही निखळला आणि विमानावर आदळला. हवेतच विमानाचे तुकडे झाले आणि ते सोयाबीनच्या शेतात पडले. 15 मरीन आणि नौदलाचा एक वैद्यकीय सैनिक, सोळाही जण गेले. वैमानिकांना करता येण्यासारखं काहीही नव्हतं.

आता मागे चला. चौकशीत आढळलं की त्या पात्याच्या मुळाशी, आतल्या पोकळ भागात, गंजाचा एक खड्डा होता. बाहेरून दिसणार नाही अशी जागा. खड्ड्यातून तडा सुरू झाला आणि वर्षानुवर्षं वाढत गेला. आणि हे पातं 2011 मध्ये जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स या हवाई दलाच्या मोठ्या डेपोत ओव्हरहॉलसाठी गेलं होतं. ओव्हरहॉल म्हणजे सगळं उघडायचं, गंज काढायचा, तडे शोधायचे आणि मगच पातं परत द्यायचं. गंज तेव्हा होता, तो काढला गेला नाही. तडे शोधण्याची एडी करंट नावाची विजेवर चालणारी चाचणी असते, तिच्यातूनही तो निसटला. पुढे स्क्वाड्रनच्या पातळीवर तो सापडण्याच्या संधीही हुकल्या. चार प्रोपेलर, प्रत्येकी चार पाती, एकूण सोळा. त्यांतल्या बारा पात्यांवर डेपोत असतानाच असलेला गंज मिळाला. म्हणजे एका कामगाराची एका दिवशीची डुलकी नव्हे ही, तिथली कामाची रीतच तशी झाली होती. ते पातं कुणी तपासलं, हेही कळलं नाही, कारण तेव्हाची कामाची कागदपत्रं ठेवलेलीच नव्हती.

ते विमान 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं. ‘जुनं होतं, पडलं’ असं म्हणून ही फाईल बंद करता आली असती, आणि ते वाक्य खोटंही ठरलं नसतं.

दुसरं प्रकरण थोडक्यात. 2 मे 2018 ला पोर्तो रिको नॅशनल गार्डचं डब्ल्यूसी-130एच सवाना विमानतळावरून उडालं आणि लगेच महामार्गावर कोसळलं. नऊ ठार. हे विमान पन्नाशी ओलांडलेलं होतं आणि ॲरिझोनातल्या निवृत्त विमानांच्या तळाकडे आपल्या शेवटच्या प्रवासाला निघालं होतं. यापेक्षा म्हातारं विमान कुठून आणायचं? तरी अहवाल वयावर थांबत नाही. पहिल्या क्रमांकाच्या इंजिनाची दुरुस्ती झाली होती, ते पूर्ण फेरे गाठत नव्हतं, तरी ‘ठीक’ म्हणून परत दिलं गेलं. उड्डाणात ते ढेपाळलं. त्यानंतर वैमानिकाने रडर चुकीच्या दिशेला दाबला आणि विमानाचा तोल गेला. धावपट्टीवरच उड्डाण थांबवता आलं असतं, तेही झालं नाही. चूक वैमानिकाची होतीच, पण त्याच्या हातात ते इंजिन कुणी दिलं, हेही त्याच अहवालात लिहिलं आहे.

आणि आता तिसरं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात कुणीही मेलं नाही. 2022 मध्ये एका सी-130एचच्या प्रोपेलरमधून तेलाची गळती काही केल्या थांबेना. तो उतरवून वॉर्नर रॉबिन्सला पाठवला. हो, त्याच डेपोत. तिथल्या तंत्रज्ञाला पाती ज्यात बसतात त्या मधल्या भागाला तडा दिसला. त्यांनी आणखी दोन प्रोपेलर उघडले, तिथेही तेच. सप्टेंबर संपण्याआधी अमेरिकी हवाई दलाने आपल्या 128 पैकी 116 सी-130एच जमिनीवर उभी केली. तीच जुनी विमानं, त्याच घराण्यातले प्रोपेलर. फरक एवढाच की या वेळी कुणीतरी गळतीला ‘जुन्या मशीनमधून गळतंच’ म्हटलं नाही.

या नजरेने आपल्या एएन-32 कडे बघा. कीवच्या अँटोनोव्हने हे विमान घडवलं तेच मुळी आपली गरज डोळ्यांसमोर ठेवून: उष्ण हवा, उंच डोंगर, आखूड धावपट्ट्या. 1984 पासून शंभराहून अधिक विमानं आली. लडाखपासून ईशान्येच्या शेवटच्या चौकीपर्यंत तांदूळ, रॉकेल, औषधं आणि सुट्टीवरून परतणारे जवान यांनीच वाहिले. 2009 मध्ये आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी झाला. 40 विमानं तिकडे, उरलेली कानपूरच्या डेपोत करायची होती. 2014 मध्ये रशिया-युक्रेन संघर्ष पेटला आणि सुट्या भागांचा पुरवठा अडखळला. विमान तेच राहिलं, त्याच्यामागची साखळी तुटली. माझ्या मते वयापेक्षा हे अधिक घातक, आणि याची चर्चा सर्वांत कमी होते.

2016 च्या त्या विमानात पाण्याखालून हाक देणारा बीकन नव्हता. हे छोटंसं उपकरण पाणी लागताच 37.5 किलोहर्ट्झवर टिकटिक करतं, जुन्या पद्धतीचंही महिनाभर चालतं. प्रवासी विमानांच्या ब्लॅक बॉक्सला ते कित्येक वर्षांपासून असतं. समुद्र ओलांडून नेहमी जाणाऱ्या विमानात ते नसावं, हा निर्णय कुठल्या टेबलावर झाला, की झालाच नाही? 3 जून 2019 ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-32 अरुणाचलच्या डोंगरात आदळलं, तेरा जण गेले. आपत्कालीन बीकनचा उपयोग झाला नाही आणि अवशेष सापडायला आठ दिवस लागले. दहा वर्षांपूर्वी, जून 2009 मध्ये, मेचुकाच्याच परिसरात असंच एक एएन-32 पडलं होतं. तेव्हाही तेराच.

बीकन नव्हता याला ‘जुनं विमान’ हे उत्तर होत नाही. जुन्या विमानात नवा बीकन बसवता येतो.

तकदीरबद्दल एकच बोलतो. आपल्या घरांत मौतीवर सब्र शिकवला जातो आणि तो मोठा आधार आहे. पण सब्र ज्याच्या घरातला माणूस गेला त्याच्यासाठी आहे. ज्याने न तपासता सही केली त्याच्या बचावासाठी तो वापरायचा नसतो. यात बसणारा जवान विमान निवडत नाही. त्याला यादीत नाव दिसतं आणि तो चढतो. तपासणारा आणि बसणारा यांच्यातला हा एकतर्फी भरवसा म्हणजे अमानत, असं मला वाटतं. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण आयटीआय, पॉलिटेक्निक करून एसटीच्या वर्कशॉपमध्ये, लिफ्टच्या कंपनीत, रेल्वेच्या शेडमध्ये तपासणीच्या कागदावर सही करत असतील. तुमच्या सहीच्या खाली कोण उभं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता ती शेवटी ठेवलेली गोष्ट. आपल्याकडे लष्करी विमान पडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली जाते आणि तिचा अहवाल सहसा बाहेर येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालातून 2017 ते 2022 दरम्यानच्या हवाई दलाच्या 34 अपघातांची यादी समोर आली. त्यांतल्या 19 अपघातांपुढे कारण म्हणून लिहिलं होतं: मानवी चूक, वैमानिक. संपलं. सवानाच्या अपघातालाही कुणी रकान्यात बसवलं असतं तर हेच शब्द लिहिले असते, आणि त्या अर्धवट दुरुस्त इंजिनाचा पत्ता कुणाला लागला नसता.

गोपनीयतेचा मुद्दा मला मान्य आहे. विमान कुठे, कशासाठी, काय घेऊन जात होतं हे झाका. पण कुठला भाग तुटला, तो शेवटचा कधी तपासला गेला, कुठल्या पायरीवर निसटला आणि त्यानंतर काय बदललं, ही चार वाक्यं दिल्याने कुठल्या शत्रूचा फायदा होतो? आपल्या खासदाराला हा प्रश्न लोकसभेत विचारायला सांगता येतो, पत्र लिहून, नाव घालून. एवरो विमानांच्या जागी सी-295 येऊ लागली आहेत. एएन-32 अजून उडतात, आणि आज सकाळीही त्यांतल्या एखाद्यात कुणी सुट्टी संपवून परत निघालेलं असेल.