आवाज आपला, वायरही आपलीच हवी

काही वर्षांपूर्वी एका खेड्यात जयंतीच्या सभेला बोलायला गेलो होतो. लाऊडस्पीकरसाठी वीज घेतली होती वस्तीबाहेरच्या एका घरातून. मी पाणवठ्याचा विषय काढला आणि दुसऱ्याच मिनिटाला आवाज बंद! फ्यूज उडाला नव्हता. कोणीतरी बटण बंद केले होते.

पोरांनी धावत जाऊन ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी आणली. अॅम्प्लिफायर बॅटरीवर चालणारा होता. पण वायर लावली हाताला सापडली ती, बल्बची बारीक. आवाज फाटू लागला, वायर तापली, आवरण वितळले, तारा एकमेकींना चिकटल्या. ती ओढून काढणाऱ्या पोराचा तळहात भाजला. सभा तिथेच संपली.

पहिल्यांदा आपला आवाज दुसऱ्याने बंद केला, दुसऱ्यांदा आपल्या अज्ञानाने. पहिल्या गोष्टीवर आपण पुष्कळ बोलतो. आज दुसरीवर बोलू.

बॅटरीची वायर घरी बनवता येते. पण तिचे गणित समजले पाहिजे. १२ व्होल्टवर शंभर वॉटचा अॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात दहा अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. बॅटरी पाच मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन वायर दहा मीटर होते. ती एक चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल तर सुमारे पावणेदोन व्होल्ट वायरीतच खर्च होतात. मग आवाज फाटणार नाही तर काय? तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्धा व्होल्टही जात नाही. लाल वायर धन टोकाला, काळी ऋण टोकाला. उलटी जोडली तर यंत्र जळू शकते. टोकांना लग घट्ट दाबून बसवावेत, नुसत्या पिळलेल्या तारा चालणार नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, धन टोकाला अगदी लागून पंधरा अँपिअरचा फ्यूज. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पण शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. झटका नसला तरी आग असते. त्या दिवशी फ्यूज असता तर पोराचा हात वाचला असता.

कोणी म्हणेल, चळवळीच्या पानावर हे वायरमनचे काम कशाला? बंधूंनो, हाताच्या कामाला हलके मानणे ही कोणाची शिकवण आहे? जातिव्यवस्थेने श्रमाची नव्हे, श्रमिकांची वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या वीजधोरणाची पायाभरणी त्यांच्या खात्यात झाली. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबी हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या अनुयायांना फ्यूज कुठे बसवावा हे ठाऊक नसावे?

वकील म्हणून हेही सांगतो. कार्यक्रमासाठी तात्पुरत्या वीजजोडणीचा रीतसर अर्ज करा, त्यासाठी कोणाच्या उपकाराची गरज नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. त्या मर्यादेत राहून आपले म्हणणे ऐकू जाते. भिंती हादरवणाऱ्या डीजेवर वर्गणी उधळून ऐकू जातो तो फक्त धडधडाट.

म्हणून एक सूचना. प्रत्येक विहाराचा स्वतःचा छोटा बॅटरीवरचा संच असावा. आयटीआय झालेली आपली मुले-मुली वस्तीवस्तीत आहेत. त्यांना एका रविवारी विहारात बोलवा आणि दहा जणांना वायर बनवायला शिकवू द्या. त्यांचा मानही करा, मानधनही द्या. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हे सगळे होऊन पैसे उरतील.

पुढच्या जयंतीला पाणवठ्याचा विषय पुन्हा निघेल. तेव्हा बटण आपल्या हातात असले पाहिजे. जयभीम!