सकाकावियाच्या पाण्यावर



गेल्या जून महिन्यात मी लेकीकडे अमेरिकेत होतो. लेक मायनॉट या गावी इस्पितळात नर्स आहे. हे गाव नॉर्थ डकोटा राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीकडे. न्यूयॉर्क-शिकागोची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. पण या राज्याचे नाव मी तिकीट हातात पडेपर्यंत ऐकले नव्हते. सपाट माळ, गव्हाची शेते आणि वारा. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो, तळी गोठतात आणि लोक बर्फाला भोके पाडून मासे धरतात. म्हणजे नाद बारमाही.

एका शनिवारी जावईबापू म्हणाले, "मामा, उद्या धरणावर चला. माझे मित्र होडी काढणार आहेत."

मी तीस वर्षे एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होतो. सुट्टीच्या दिवशी पाण्यावर जाऊन बसणे हे आमच्या पिढीला चैनीचे वाटते. पण लेकीनेच डबा भरून दिला, माझ्या नावाचा परवानाही काढून ठेवला होता. तिथे परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही.

मित्र दोघे. एकाचे पूर्वज नॉर्वेतून आलेले, घरची शेती, नोकरी रुग्णवाहिकेवर. पहिल्याच हिवाळ्यात जावयांची गाडी बर्फात रुतली तेव्हा यानेच ओढून काढली, तेव्हापासूनची दोस्ती. दुसरा तेलाच्या विहिरींवर वेल्डर, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, हिदात्सा जमातीचा. जावई मला मामा म्हणतात हे ऐकून दोघांनाही तेच माझे नाव वाटले आणि दिवसभर दोघे मला "मामा, मामा" म्हणत राहिले. मीही सुधारले नाही.

मायनॉटपासून दीडएक तासावर न्यू टाऊन नावाचे गाव लागते. त्याच्या बाजूला मिझुरी नदीवरच्या गॅरिसन धरणाचे पाणी पसरले आहे. जलाशयाचे नाव सकाकाविया. लांबी जवळजवळ २८५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून पुणे ओलांडून पार पुढे जावे एवढी. पाण्याचा एक फाटा वॅन हूक नावाने ओळखला जातो, तिथे आम्ही होडी सोडली.

जो मासा धरायचा त्याचे नाव वॉलआय. सोनेरी-हिरवट अंग, तोंडात दात, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. खरी ओळख डोळ्याची. मांजराच्या डोळ्यासारखा आत चकाकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसते आणि भर उन्हात तो खोल जाऊन बसतो. म्हणून हे लोक पहाटे नाहीतर संध्याकाळी निघतात. त्यातही थोडा वारा असून पाणी हलके खवळलेले असले तर खूष होतात, कारण लाटांनी ऊन मोडते आणि मासा दिवसाही खायला बाहेर पडतो. आरशासारखे शांत पाणी पाहून मला बरे वाटले होते. होडीवाल्याने तोंड वाकडे केले. दहा वाजता वारा सुटला तेव्हा तो हसला.

आपल्याकडे गळ टाकून काठावर बसतात. इथे होडी अगदी मंद चालवत ठेवतात आणि गळ मागून ओढत नेतात. याला ते ट्रोलिंग म्हणतात. होडीला दोन इंजिने, मोठे जायला-यायला आणि लहान या कामाला. वेग माणूस सावकाश चालतो त्याहूनही कमी. दोराला काटकोनात वाकवलेली एक तार असते, तिला दोन औंसाचे म्हणजे सुमारे सत्तावन्न ग्रॅमचे शिसे. त्याच्या मागे चार-पाच फूट बारीक दोरा, त्यावर रंगीत मणी, भिरभिरणारे पत्र्याचे पाते आणि दोन गऱ्यांना ओवलेले गांडूळ. पाते फिरते, चमकते, मासा फसतो. वेग वाढला तर शिसे तळ सोडून वर उचलले जाते. कमी झाला तर पाते फिरत नाही आणि गांडूळ नुसते चिखलात लोळते. सगळी कला त्या इंजिनाच्या मुठीत. होडीवाला तासन्‌तास डोळा न काढता एक हात मुठीवर ठेवून बसला होता, आमचा जुना टर्नर लेथवर बसायचा तसा.

मला सर्वांत आवडले ते शिसे. ते तळाला टेकत टेकत जाते आणि त्याची टकटक दोरातून काठीत, काठीतून तळहातात येते. गाळ असला तर मऊ, गोटे असले तर खडखड. वर्कशॉपात आम्ही पेचकसाचे टोक बेअरिंगवर ठेवून मूठ कानाला लावायचो आणि आतला बिघाड ऐकायचो. अठरा फुटांवरचा तळ मला तसाच ऐकू येऊ लागला. वेल्डरने हे ओळखले असावे. त्याने जावयांना सांगून मला त्याच्याच बाजूला बसवून घेतले.

अकराच्या सुमारास माझी काठी वाकली. मला वाटले अडकले. पण अडकलेले डोके हलवत नाही. पाच मिनिटांनी जाळीत आली ती अठ्ठावीस इंचांची मासोळी, साडेतीन किलोच्या आसपास. मी मनात तुकडे मोजायला लागलो, एवढ्यात होडीवाला म्हणाला, हिला सोडू या. एवढी मोठी बहुधा मादीच असते, दहा-बारा वर्षांची असेल, दर वसंतात लाखांनी अंडी घालते. खायला लहान बरे. कायद्याने माणशी दिवसाला पाच धरता येतात, मोठी ठेवायला बंदी नव्हती. मला राग आला हे कबूल करतो. जन्मात पहिल्यांदा एवढा मासा हाती लागला आणि पाहुण्याला सांगतात सोडून दे! जावईबापू अवघडून माझ्याकडे पाहत होते. शेवटी फोटो काढला आणि मीच तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरले. शेपटीचा एक फटका मारून ती गेली. (पाणातिपाताबद्दल काही वाचक पत्रे लिहितील. आमच्या घरी मासळी खाल्ली जाते आणि त्या दिवशीही खाल्ली, याहून दुसरे उत्तर मजजवळ नाही.)

दुपारनंतर पुन्हा काठी वाकली, पण यावेळी डोके हलले नाही. होडीवाल्याने होडी उलट फिरवून मागच्या बाजूने दोर ओढला. असे केले की बहुतेक वेळा सुटते. नाही सुटले. वेल्डरने माझ्या हातातली काठी घेतली, दोर ताणून पाहिला आणि म्हणाला, "लाकूड." दोर तुटला. नवी गरी बांधता बांधता तो बोलू लागला, जावई मराठीत सांगत गेले.

हे पाणी १९५३ साली अडवले. त्याआधी नदीकाठी उंच झाडांची राने होती आणि गाळाच्या जमिनीत मका, घेवडा, भोपळा पिकत असे. मंडान, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमाती तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहत होत्या. त्यांची सुमारे दीड लाख एकर जमीन पाण्याखाली गेली, तीही सगळी कसाची. ३२५ कुटुंबे उठली. एल्बोवुड्स हे त्यांचे मुख्य गाव, शाळा आणि इस्पितळासकट बुडाले. वॅन हूक हेही गावाचेच नाव, तेही बुडाले. न्यू टाऊन त्याच्या बदली वसवलेले. वरच्या माळावर जिथे यांना हलवले तिथे वारा आणि वाईट पाणी. २० मे १९४८ रोजी या जमिनीच्या करारावर वॉशिंग्टनमध्ये सही होत असताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहऱ्यावर हात घेऊन रडत होते. तो फोटो प्रसिद्ध आहे. वेल्डरने मोबाईलवर दाखवला. सूटबूट घातलेली दहा-बारा माणसे, मंत्री सही करतो आहे, आणि एकच माणूस रडतो आहे. भरपाई ठरली १ कोटी २६ लाख डॉलर. ती अपुरी होती हे सरकारनेच पुढे मानले आणि १९९२ साली आणखी १४ कोटी ९२ लाख मंजूर केले. तोवर एल्बोवुड्समधून उठलेली किती म्हातारी माणसे उरली असतील? आणि जलाशयाला नाव दिले ते सकाकावियाचे, जी मुलगी यांच्याच हिदात्सा वस्तीत राहत होती!

वेल्डरची आजी एल्बोवुड्सची. तिने या पाण्यातला मासा कधी तोंडात घातला नाही. बापाने मात्र याला इथेच गळ टाकायला शिकवले.

मी गप्प राहिलो. माझ्या आईचे माहेर करमाळा तालुक्यात भीमेकाठी. उजनी धरणाच्या पाण्यात ते गेले. १९८० साली धरण पुरे झाले. आजोबांची महारकीची दोन एकर जमीन होती, कागद कधी धड झालेच नव्हते. ज्यांचे कागद धड त्यांना काहीतरी मिळाले, आजोबांना साहेबांच्या दारात फेऱ्या मिळाल्या. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ वर येते, लोक पाहायला जातात. आईला मी दोनदा म्हटले, चल, तुझे गावही दिसते का पाहू. ती आली नाही. भिगवणचा मासा घरी आणला की मात्र आवडीने करायची, आणि खाताना एकदा तरी म्हणायची, "हा आमच्या वावरातला."

हे मी जावयांना सांगितले, त्यांनी वेल्डरला सांगितले. तो हसला, मग बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. होडीवाल्याने वेग थोडा कमी केला. शिसे पुन्हा तळाला टेकून टकटक करू लागले, आणि आता त्या प्रत्येक ठोक्याला मला वाटे, ही कुंपणाची मेख असेल, हा कुणाच्या दाराचा दगड असेल. असेल किंवा नुसता गोटाही असेल.

तिकडे जूनमध्ये रात्री साडेनऊला उजेड असतो. काठावर आलो तेव्हा नऊ मासे होते. होडीवाल्याने पातळ सुरीने काटे बाजूला काढून दोन-दोन पांढरी कापे केली. इतका सफाईचा हात मी क्वचित पाहिला. तीन घरे, प्रत्येकी तीन मासे. होडीचा वेगळा वाटा कुणी काढला नाही.

या माशाला वास जवळजवळ नाही आणि कापात काटाही सापडत नाही. लेकीने आपला घरचा काळा मसाला, लसूण आणि चिंच लावून तव्यावर परतला. दोन कापे जास्तच झाली होती, ती वेल्डरच्या आईसाठी स्टीलच्या डब्यात घालून पाठवली. तिखटाची धास्ती होती म्हणून बरोबर भातही दिला. आठवड्याने डबा परत आला. त्यात वाळवलेल्या मक्याचे दाणे होते. कसे शिजवायचे ते जावयांनी फोन करून विचारले आणि लेकीने ते रात्री भिजत घातले.