बाकीला कमी लेखू नका

मी डिप्लोमाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. सात वारांची नावं पुन्हा पुन्हा फिरवायला सांगितली, की बहुतेक जण ‘सहाच्या पुढे गेलं तर शून्य कर’ अशी अट लिहितात. चालतं ते. पण ‘पुढचा = (आत्ताचा + 1) % 7’ एवढ्या एका ओळीत काम होतं (% म्हणजे भागाकाराची बाकी), हे सुचत नाही. कसं सुचणार? शाळेत बाकी उरली ती उरली. पुढे दशांश अपूर्णांक आले, की तीही गेली.

माझं मत असं, की ही बाकी पाचवीतच पंचांग समोर ठेवून शिकवावी. साठ संवत्सरांचं चक्र घ्या. शकात 12 मिळवा, 60 ने भागा. उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके 1947 घेतलं तर बेरीज 1959, बाकी 39, म्हणजे विश्वावसू. आणि बाकी शून्य आली तर? साठावा, क्षय. एकपासून मोजणाऱ्याची शून्याशी गाठ इथेच पडते. अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून का, हे सांगायला मग फार घसा कोरडा करावा लागत नाही.

उलट फिरताना मात्र जपावं. -1 % 7 चं उत्तर पायथन 6 देतं. सी, जावा आणि जावास्क्रिप्ट -1 देतात, आणि त्या क्रमांकाचा वार यादीत नसतो. म्हणून बाकी काढण्याआधी 7 मिळवून घ्यावेत. ‘मॅडम, पायथनच्या इटरटूल्समध्ये सायकल तयारच आहे की,’ असं कुणीतरी म्हणतंच. आहे ना. पण ती मागे फिरत नाही.