उपवास माझा, आमलेट त्याचं

श्रावण लागला की आपल्या मेसच्या फळ्यावर एक ओळ उमटते, 'महिनाभर अंडी बंद'. कुणी ठरवलं, कुणाला विचारून ठरवलं, काही पत्ता नसतो. मी स्वतः श्रावणी सोमवार धरतो, अगदी मनापासून. पण माझा रूम पार्टनर केरळचा, ख्रिश्चन. त्याचा श्रावणाशी संबंध काय? सकाळच्या लेक्चरआधी डबल आमलेट, एवढीच त्या बिचाऱ्याची चैन. गेल्या श्रावणात म्हणाला, "अरे, उपवास तुझा, मग वजन माझं का घटतंय?"

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे 'भावनांचा आदर करा'. आदर तो करतोच की! सोमवारी मी रूमवर असलो तर घरून आलेला बीफचा डबा तो बाहेर नेऊन खातो. मी कधी सांगितलं नव्हतं. विंगमधल्या जैन मित्राची भाजी आचारी कांदा-लसूण घालण्याआधी वेगळी काढतो, त्यावर कुणी कुरकुरत नाही. रमजानमध्ये सहेरीचे डबे रात्रीच भरून ठेवतात. ते घेणाऱ्यांनी आमचं दुपारचं जेवण बंद करायला सांगितल्याचं ऐकिवात नाही. आपली सोय मागणं वेगळं, दुसऱ्याच्या ताटावर झाकण ठेवणं वेगळं.

हे मेसपुरतंच नाही. २०१५ साली पर्युषणात मीरा-भाईंदरला आठ दिवस आणि मुंबईत चार दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरलं. मासळीला मात्र बंदी नव्हती, म्हणजे बोंबील अहिंसक! मुंबईतल्या १७ सप्टेंबरच्या बंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. उलट २००८ साली, अहमदाबादचे कत्तलखाने पर्युषणात नऊ दिवस बंद ठेवणं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं होतं. नऊच दिवसांचा तर प्रश्न, असा सूर होता. न्यायालयाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. नऊ दिवस थोडे की फार, हे ज्याचा धंदा बंद राहतो त्याला विचारायला हवं ना?

मेसचं बिल सगळ्यांना सारखंच येतं. तेव्हा पुढच्या श्रावणात मेस कमिटीने अंड्यांचा तवा वेगळा ठेवावा, काउंटर कोपऱ्यात हलवावा, माझी काहीच हरकत नाही. आणि हो, भावनांचा एवढा विचार चाललाच आहे तर सोमवारच्या खिचडीत दाण्याचं कूट जरा वाढवा. सध्या ते शोधावं लागतं.